फट नसलेलं खुराडं

माझ्या हातच्या दाराला फट सापडली तर दाखवा, असं आव्हान माझे सासरे अख्ख्या गल्लीला द्यायचे, आणि गल्ली बिचारी गप्प बसायची. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. थंडी पडली तशी त्यांनी सासूबाईंच्या पाच कोंबड्यांसाठी परसात नवीन खुराडं केलं. फळीला फळी अशी भिडवली की मुंगीलाही बाहेर ताटकळावं लागावं.

आठवडाभरात कोंबड्या मलूल झाल्या. सकाळी दार उघडलं की आतल्या भिंती ओल्या, आणि विष्ठेच्या उग्र वासानं माझे डोळे चुरचुरायचे. मास्तरीण तर चोच उघडी ठेवून घरघरत श्वास घ्यायची. मास्तरीण म्हणजे सासूबाईंची लाडकी तांबडी कोंबडी. मोठ्या आजारपणानंतर सासूबाई पहिल्यांदा अंथरुणातून उठल्या, त्या तिला दाणे घालायला. तिचं काही बरंवाईट झालं तर त्या पुन्हा अंथरूण धरतील, ही धास्ती मला झोपू देत नव्हती.

"अहो, कोंडतंय त्यांना," सासूबाई रोज सांगायच्या.

"कोंडतंय कसलं? वारा शिरतोय कुठून तरी. बघतोच आता."

एका दुपारी फटी बुजवायला लांबीचा गोळा घेऊन सासरे खुराड्यात शिरले. "सूनबाई, बाहेरून कडी लाव. अंधारात फटीतला उजेड बरोबर दिसतो." ही त्यांची जुनी पद्धत. मी कडी लावली. आत गुडघ्यांत मान घालून बसलेले सासरे आणि समोर दांडीवर पाच कोंबड्या! मला हसू आवरेना.

दोन मिनिटांत दारावर धडका. खोकत बाहेर आले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आत उजेडाचा एक ठिपकाही दिसला नव्हता. लांबीचा गोळा पायरीवर ठेवला आणि करवत घेऊन आले.

स्वतःच्याच कामावर त्यांना करवत चालवावी लागली. मला फार वाईट वाटलं. दोन्ही बाजूंना, छपराच्या लगेच खाली, त्यांनी लांबट झरोके कापले. दांडीपासून चांगले हातभर वर, म्हणजे हवा खेळेल, पण बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर वारा येणार नाही. झरोक्यांना जाळी ठोकली. ओला भुसा काढून कोरडा पसरला.

पाचव्या दिवशी सकाळी भिंती कोरड्या होत्या आणि मास्तरीण सासूबाईंच्या ओंजळीतले दाणे टिपत होती. सासरे शेजारी उभे, उगाचच घसा खाकरत.

"तू रोज सांगत होतीस," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."

सासूबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "मला काय सांगताय? गुदमरली ती."

सासरे दाराला धरून हळूहळू खाली बसले आणि कोंबडीला म्हणाले, "चुकलं बाई माझं."