लुआन उस्तादांनी उघडलेलं दार

चीनमधल्या आमच्या छांगछुनच्या मोटार कारखान्याच्या वसाहतीत लुआन उस्तादांइतका संशयी माणूस दुसरा झाला नाही. आंबवलेल्या कोबीच्या रांजणाला कुणी हात लावला का, हे कळावं म्हणून झाकणावर केस ठेवायचे! हसू नका, तो केस मी स्वतः पाहिलाय.

कारखान्यातही तीच तऱ्हा. परदेशी गाडीचा सांगाडा आणून आम्ही तो मागून वीतभर लांबवला होता, साहेबांचे गुडघे मोकळे राहावेत म्हणून. त्या काळ्या गाडीची दारं उस्ताद तपासत. दार लागल्याचा आवाज पटला नाही की गाडी परत! पुढे प्रत्येक कचेरीसमोर तीच गाडी उभी असे. मग सरकारी थाटमाटावर गदा आली, मागणी आटली आणि तयार गाड्या आवारात धूळ खात पडल्या.

तसलीच एक वापरलेली काळी गाडी घेऊन उस्तादांच्या लेकीला, लान-शिनला, मागणी घालणारा ज्याओ पंग दारात आला. सगळ्यांना, शेजारी म्हणून मलाही, जेवायला न्यायचं होतं, पोराचे आईबाप तिथं वाट पाहत होते. होकार-नकार तिथंच ठरायचा.

पोरानं मागचं उजवं दार उघडलं आणि उस्तादांच्या डोक्याला लागू नये म्हणून वरच्या कडेला हात धरला. झालं! उस्ताद माझ्या कानाशी लागले, "पाहिलंस? हा हात साहेबांच्या ड्रायव्हरचा. मालकाची गाडी मिरवतोय लेकाचा."

मग त्यांनी मागची उजवी सीट दाबून पाहिली. तीच तेवढी खचलेली, साहेबांची बसायची जागा.

"मी मागेच बसतो," उस्ताद म्हणाले. "ड्रायव्हरच्या शेजारी कोण बसतं?"

लान-शिनचा चेहरा पडला. आमच्याकडे घरचा माणूस गाडी चालवत असेल, तर वडीलधाऱ्यानं पुढं त्याच्या शेजारी बसायचं. मागे बसलात की तो चाकर ठरला, सोयरीक संपली.

"काका, ड्रायव्हरच होतो मी," पोरगा म्हणाला. "कचेरीनं गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा ही मी घेतली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? आल्या आल्या सीट दाबायला लागलात."

"बाबा, मला पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यानं," लान-शिन म्हणाली.

उस्तादांनी डोळे बारीक केले. "गाडी तुझी ना? मग या मागच्या सीटवर किती वेळा बसलास?"

"एकदाही नाही, काका. उगाच कसंतरी वाटतं."

उस्ताद म्हणजे हजारो दारं लावून पाहिलेला माणूस. बसायला त्यांना तरी कुणी कधी सांगितलं होतं? त्यांनी मागचं दार लावलं, कान देऊन आवाज ऐकला, मान हलवली. मग पुढचं दार उघडून ज्याओ पंगच्या शेजारी बसले.

मी आणि लान-शिन झटकन मागे शिरलो. खचलेली सीट मी पटकावली, सांगतो काय, लोण्यासारखी!

वळणावर उस्ताद गुरगुरले, "ब्रेक वाजतोय. उद्या घरी आण, बघतो. आणि लिलावात तुला फसवलंय, हे लिहून ठेव."