साडेचार सुती

क्लेमेंटीत आमच्या ब्लॉकच्या पार्किंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एक जुनी अमेरिकन गाडी उभी असते. फिकट निळी, लांबलचक, मागे माशाच्या परासारखे दोन उंचवटे. मालक आमच्या शेजारचे चिनी अंकल, वय पंचाहत्तरीच्या आसपास. अशा गाडीला इथे वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर यायची मुभा. एरवी अंकल तिला नुसती पुसत असतात.

त्या रविवारी जुन्या गाड्यावाल्यांची चांगी विमानतळापर्यंत फेरी होती, आणि ही बया सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं घर्र-घर्र. बाजूला अंकलचा पुतण्या, त्याच नावाची नवी गाडी घेऊन हजर. कंपनीने जुन्या गाडीचं नाव आणि मागचे गोल दिवे उचलून नवीला चिकटवलेत.

"विका आता, अंकल. माझ्या गाडीत बसा, लाह!" इथे वाक्याला हे शेपूट लागतंच.

अंकल वैतागून बोलून गेले, "आज चालली नाही तर विकतो." बोलले, आणि लगेच बॉनेटवरून हात फिरवू लागले.

मी माझ्या वडिलांना घेऊन बाजारात निघाले होते. अण्णा मिरजेहून महिनाभरासाठी आलेले. स्टँडमागे त्यांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. एका डॉक्टरांची अशीच अमेरिकन गाडी त्यांच्याकडे यायची. पुतण्याने कौतुकाने नव्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं. वर सगळं काळं प्लास्टिक.

"इंजिन कुठाय गं? डब्याला झाकण लावल्यागत केलंय." मग आत बसून अण्णा म्हणाले, "एसी मात्र झकास हाय." ते खरंच होतं. ब्रेकही नवीचेच चांगले असणार, उगाच खोटं कशाला बोला.

मग ते जुनीपाशी आले. "मार बघू किल्ली." घर्र. "स्टार्टर हलतोय. बोल्ट ढिला झालाय."

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, तोच तर सकाळपासून आवळायला बघतोय. चौदा मिलिमीटरचा पाना बसत नाही, पंधराचा घसरतो.

"बसंल कसा? अमेरिकेची गाडी, इंचातली. साडेचार सुती पाना लागतोय तिला."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; साडेचार सूत चौदा मिलिमीटरहून किंचित जास्त. माझं बालपण या शब्दात गेलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत सरांनी बोल्टचं माप विचारलं, मी "चार सुती" म्हणाले, आणि सर म्हणाले, "चरख्यावरचं का?" अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून तो शब्द मी तोंडातून काढला नव्हता. आता तुआसच्या जहाजांच्या यार्डात रोज इंचाचे बोल्ट हाताळते, पण बोलते इंग्रजीत.

अंकलच्या डिकीत एक गंजकी पेटी निघाली, त्यांच्या जुन्या मेकॅनिकची. पाने होते, पण आकडे झिजून गेलेले. पुतण्याने हात झटकले. अण्णांनी मात्र एकेका पान्याच्या तोंडात बोट घातलं. "हा चार. हा पाच. हा घे, साडेचार."

"अण्णा, तुम्ही..."

"माझं गुडघं वाकत न्हाईत. डिग्री कुणाची हाय? जा खाली. आधी बॅटरीची वायर काढ."

वायर काढली, पुठ्ठा अंथरला आणि रविवारच्या बऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले. बोल्टाचे कोपरे थोडे गेले होते. पाना लावला, तर टक्कन बसला. वरून अण्णांचा आवाज: "किती सुती गं?"

"साडेचार!" मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की पार्किंग घुमलं.

स्टार्टरचे दोन्ही बोल्ट आवळले, वायर जोडली. अंकलनी किल्ली फिरवली. एकदाच. जी डरकाळी फुटली, तिने शेजारच्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. अंकल स्टिअरिंगला धरून हसत सुटले. अण्णांना त्यांनी हाताला धरून पुढे बसवलं, मला मागे. बाजार राहिला.

हायवेला पुतण्या मागून येत होता. अंकलनी आपला वाजणारा फोन माझ्याकडे दिला. पुतण्याच होता. "अंकलना सांगा, स्लो लाह, एवढं फास्ट नको!"

मी ते अंकलना इंग्रजीत सांगितलं, अण्णांना मराठीत.

"त्याला म्हणावं, ये निवांत मागनं," अण्णा म्हणाले.

अंकलना मराठी कळत नाही. तरी त्यांनी मान डोलावली आणि पाय आणखी दाबला.