कूलरवरचा दोडका

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला झाशीच्या घरामागचं परस आठवतं. उन्हाळ्यात दोडक्याचा वेल जगावा म्हणून बाबांनी कूलरचं गळकं पाणी आळ्यात सोडलं होतं. वेल कूलरवरच चढला. एके दिवशी सकाळी बाबांना कूलरच्या लोखंडी पत्र्याला हात लागून विजेचा झटका बसला, पण सांगायचं राहून गेलं.

दुपारी पहिला दोडका दिसला आणि आई अनवाणीच चिखलात उतरली. बाबा दारातून ओरडले, "अगं, हात लावू नकोस!" हात लोखंडाला टेकणार, तेवढ्यात पंखा घरघरत थांबला.

"मेली लाइट आत्ताच जायची होती!" म्हणत आईने दोडका तोडला. मी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र उंबऱ्यातच खाली बसले.

आता माझ्या घरी लाइट जात नाही. त्याचीच भीती वाटते.