डाव्या पायाची दुमड

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. मी दाजी म्हणते, आणि भांडण झालं की काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे, मशीनवर ताई. कापायचं काम मात्र फक्त दाजींचं, आणि तेही उभ्यानं. ते लांबलचक उंच टेबल, त्यावर कापड पसरायचं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा आणि कात्री एका दमात चालवायची. खुर्चीत बसून कापणाऱ्याला ते शिंपी मानतच नसत.

दाजींचा एक नियम होता. माणसाचं अंग सरळ नसतंच, कुणाचा खांदा पडलेला, कुणाची कंबर एकीकडे गेलेली. पण गिऱ्हाइकापाशी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पडक्या खांद्याला आतून गुपचूप पॅड लावायचं, एक बाही बोटभर आखूड ठेवायची आणि आरसा दाखवायचा. एक वाकडे साहेब दर वर्षी कोट शिवायला यायचे आणि आरशात बघून म्हणायचे, "मास्तर, या वयातही ताठ आहे बरं मी." दाजी म्हणायचे, "खांबासारखे आहात साहेब." साहेब गेले की मी फिदीफिदी हसायचे, आणि दाजी माझ्या डोक्यात टपली मारायचे. "बाकीचं आपण पोटात ठेवायचं, मेहुणीबाई."

मग ते माळ्यावरून कापडाचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडले. डोक्याची उजवी बाजू टेबलाच्या कडेवर आपटली. आत रक्त साचलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण घरी आले ते निराळेच दाजी. डावा पाय गुडघ्यात दुमडून वर ओढलेला, टाच काही केल्या जमिनीला टेकेना, डावी कंबर वर आणि डावा खांदा खाली. डोकं आपटलं उजवीकडे आणि अंग बिघडलं डावीकडे, हे मला तेव्हा अजबच वाटलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूची उजवी बाजू डाव्या अंगाचा कारभार बघते, म्हणून.

व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची, पाय ताणायची. कशाचा काही उपयोग होईना. उलट दाजी दिवसेंदिवस गळत चालले. भर दुपारी स्वेटर घालून बसायचे, जेवण नकोसं, उठून उभं राहिलं की घेरी यायची, आणि पाय आणखीच ताठरत चाललेले. मी मुद्दाम चिडवायला गेले तर "हं" म्हणून डोळे मिटायचे. चिडवल्यावर न चिडणारे दाजी मला बघवेनात. येणारे-जाणारे सांगायचे, त्यांनी मनातच हाय खाल्ली आहे, थोडी जिद्द दाखवायला हवी. असा राग यायचा मला.

शेवटी एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "टेबल देऊन टाका. उभं राहणं आता आपल्या नशिबात नाही." पलीकडच्या गल्लीतला कोटवाला त्या टेबलावर डोळा ठेवून होताच. ताई त्याला आज-उद्या करत राहिली. टेबल गेलं की हा माणूस परत उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच सुमाराला ताईनं आणखी एक उद्योग केला. डावा पाय वर ओढलेला, त्यामुळे त्यांच्या पँटी डावीकडे जमिनीवर लोळायच्या. ताईनं एकेक करून सगळ्या पँटींचा डावा पाय आखूड केला. आरशात दोन्हीकडची घडी एकसारखी पडायची, आणि दाजींना वाटायचं, आपण फार काही वाकडे झालेलो नाही. हातशिलाई माझं काम, पण या कामाला तिनं मला हात लावू दिला नाही. दार लावून एकटीच करत बसायची. मीही विचारलं नाही.

खरा उलगडा त्या व्यायामवाल्या मुलीमुळे झाला. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, हा नुसता आळस किंवा दुःख वाटत नाही, रक्त तपासा. तपासलं, आणि बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. मेंदू अंगाशी दोन वाटांनी बोलतो. एक नसांची वाट, ती झटपट. दुसरी रक्ताची. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती रक्तात रस सोडते आणि त्यावर अंगातली ताकद, ऊब, भूक चालते. डोकं आपटलं तेव्हा त्या ग्रंथीलाही हादरा बसला होता. तो रस कमी पडला की माणूस गळतो, आणि कधी कधी पायही असे आखडून बसतात.

"म्हणजे फोन खराब आणि पोस्टही बंद," दाजी पुटपुटले.

"तसंच. फोनला वेळ लागेल. पोस्टाचं काम गोळ्यांवर चालवू. पण गोळी एकही दिवस चुकवायची नाही."

किती तरी दिवसांनी दाजींनी असलं काही तोंडातून काढलं होतं. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले.

गोळ्या सुरू झाल्या आणि आधी स्वेटर उतरला. मग ताटात भात मागून घेतला. मग एका सकाळी, "मेहुणीबाई, तुझी काजं आंधळ्यानं केल्यासारखी आहेत." मला इतका आनंद झाला की मी उलट उत्तरच दिलं नाही. व्यायामही आता अंगी लागायला लागला. पण टेबलाचा शब्द त्यांनी परस्पर कोटवाल्याला देऊन ठेवला होता, आणि शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

व्यायामापायी दाजी हल्ली घरात सैल लेंग्यातच असायचे. कोटवाला यायचा त्या दिवशी त्यांनी कपाटातली राखाडी पँट मागितली. म्हणाले, "टेबल जाताना मी खुर्चीत बसून बघणार नाही." टेबलाची कड धरून उठले आणि आरशापुढे उभे राहिले. बघतच राहिले.

"ही पँट कुणी शिवली?"

उजवीकडे पँट बुटावर झकास पडली होती. डावीकडे आख्खा मोजा दिसत होता.

"गिऱ्हाइकानं तोंडावर फेकली असती," दाजी कडाडले. "इतकी वर्षं माझ्याजवळ राहून ही शिलाई?" ताईचा चेहरा पांढराफटक. कोटवाला दारातच थबकला.

मी मोज्याकडे बघितलं, मग त्याच्याखाली.

"दाजी, पँट सोडा. टाच बघा."

डावी टाच जमिनीला टेकलेली होती.

दाजींनी खाली बघितलं, आरशात बघितलं, मग ताईकडे. शिंप्याचं डोकं ते, हिशोब लागायला कितीसा वेळ.

"मला गिऱ्हाईक केलंस तू?"

"तुमचाच नियम," ताई खालमानेनं म्हणाली.

ते काठी घेऊन पडद्याआड गेले, टॉवेल गुंडाळून आले, पँट टेबलावर पसरली आणि उभ्यानंच छोट्या कात्रीनं डाव्या पायाची दुमड उसवू लागले. एकेक टाका निघत गेला आणि आतून कापड उलगडत आलं. घडीवर घडी, सगळंच्या सगळं. त्यांनी ते उजव्या पायावर ठेवून बघितलं. दोन्ही पाय बरोबरीला आले.

"जास्तीचं कापलं नाहीस?"

"कापून कसं चालेल?" ताई म्हणाली. "परत लागणार होतं ना."

दाजी तळहातानं ते कापड सारखं करत राहिले. दारातून कोटवाल्यानं घसा खाकरला. "मास्तर, ते टेबलाचं..."

दाजींनी वर बघितलंही नाही. "माफ कर बाबा. शब्द मोडतोय, पण टेबलावर काम चालू आहे." मग माझ्याकडे हात पुढे केला. "सुई दे. आणि दोरा राखाडी, तुझ्यासारखा भलताच नको."

मी सुई घेतली खरी, पण मेला दोरा नेढ्यात जाईचना, डोळ्यांपुढे सगळं धुरकट. शेवटी ताईनंच ओवून दिला.