फाटकावरची फुलपुडी

समोरच्या माईंच्या फाटकाला हल्ली रोज सकाळी विकतची फुलपुडी लटकत असते. आत कोमेजलेला झेंडू आणि मरगळलेल्या दूर्वा.

त्यांच्या मुलाने बंगल्याचं काम काढलं, तेव्हा दोन गाड्यांना जागा हवी म्हणून पुढची बाग गेली. जास्वंद, तगर, अनंत, सगळं मुळासकट निघालं आणि कुंपणापासून पायरीपर्यंत करडे पेव्हर ब्लॉक बसले. मला तर तो पेट्रोल पंपच वाटतो. पूर्वी पहाटे कॉलनीतले म्हातारे आकडी लावलेली काठी घेऊन कुंपणाशी यायचे आणि आतून माई कडाडायच्या, "अहो, कळ्या कशाला तोडता? उद्याला ठेवा की!" आता तिथे कुणी थांबत नाही. चोरायला चार फुलं असली की शेजार टिकतो, हे मला फार उशिरा कळलं.

आज माई पुडी काढायला आल्या. "बरं झालं बाई," मला म्हणाल्या, "चिखल नाही, पाला नाही." दुसऱ्या हातात कालचं निर्माल्य होतं. ते त्या नेहमी जास्वंदीच्या बुंध्याशी टाकायच्या. सवयीने त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या.

एवढ्या मोठ्या अंगणात मूठभर माती नव्हती.