पिशवीची जागा

कोडोलीहून कोल्हापूरला येणाऱ्या सकाळच्या एसटीत त्या बाई शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून बसायच्या. कंडक्टर ओरडायचा, "बाई, पिशवीचंबी तिकीट काढा की!" त्या हलायच्या नाहीत. जागा त्यांच्या मुलीसाठी होती, आणि नववीतली ती मुलगी मागे दांडा धरून, पाठ फिरवून उभी असायची.

बाई तिच्याच शाळेत समुपदेशक होत्या. मुलगी मागे का उभी राहते, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "पोरांची नावं माईकवरनं पुकारून माझ्याकडं धाडतात. मग माझ्या खोलीत आलेलं पोरगं येडं ठरतंय, आणि ही येड्यांच्या बाईची पोरगी. घरात बोलत न्हाई. धड जेवतबी न्हाई."

मी चळवळीतला माणूस, पेटलो. "हा गुन्हा आहे! शाळेविरुद्ध पत्रक काढतो."

"काढा की. ते वाचून ती माझ्याशी बोलंल?"

दिवसभर परक्या मुलांना बोलतं करणारी बाई हे मला विचारत होती.

काल मी चढलो, तेव्हा मुलगी तशीच मागे उभी होती. बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "बसा."

मी बसलो नाही. कोल्हापूर येईपर्यंत ती जागा रिकामीच राहिली.