एरंडेलाचा मऊ तुकडा

राणीसावरगावला आमच्या शेताच्या बांधावर एरंडी असायची. ऊन चढलं की अंगणात वाळत घातलेली बोंडं तडतड फुटायची आणि बिया पार ओसरीपर्यंत उडायच्या. त्या वेचायचं काम माझं, कारण घरात नवी सून मीच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई कडक. लग्नाला वर्ष उलटलं तरी माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या.

पहिल्या बाळंतपणाला मला माहेरी पोचवायचं ठरलं. माहेर परभणीच्या पलीकडं. एरंडी परभणीच्या बाजारात, मोंढ्यावर विकून तसंच पुढं जाऊ, असं आत्याबाई म्हणाल्या. गाडीत पोती, पोत्यांवर मी आणि आत्याबाई, पुढं कासरे धरून आमचे हे. परभणी येईस्तोवर माझी कंबर धरली होती, पण सांगायची छाती नव्हती.

मोंढ्यात आमच्या अडत्याच्या दुकानात मुंबईचा एक खरेदीदार बसला होता. त्या साली एरंडेलाला परदेशातून मागणी आली होती. आत्याबाईंनी त्याला विचारलं, "एवढं एरंडेल नेऊन करत्यात काय तिकडं? समद्यांची पोटं बिघडलीत का?"

दुकानात हशा पिकला. खरेदीदारही हसला. त्यानं पिशवीतून पिवळसर, जाड, चौकोनी तुकडा काढला.

"हा फोम. एरंडेलात दुसरी रसायनं मिसळली की दुधासारखं उतू येतं आणि असं होऊन बसतं. ह्याच्या गाद्या करतात, मोटारीतल्या बैठका करतात."

आत्याबाईंनी तुकडा दाबला. तो दबला आणि परत फुगला. त्यांनी वास घेतला. "तेलाचा वासबी न्हाई की." पुन्हा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "द्या आमाला. सून अवघडलीय, लय लांब जायचंय."

मी चकितच झाले. मी तर कण्हलेही नव्हते.

"बाई, नमुना आहे तो. मला दुसरीकडं दाखवावा लागतो."

"आमच्याच एरंडीचा म्हणता नव्हं?"

तुकडा दिला त्यानं.

पुढच्या वाटेनं आत्याबाईंनी तो माझ्या कंबरेखाली सारला. "बरं वाटायलंय का?"

"व्हय."

मग त्या बोलत राहिल्या. त्यांचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. बोलता बोलता त्यांनी माझा हात धरला, तो माहेरचं शिवार दिसेपर्यंत सोडला नाही.

मला मुलगी झाली. पुढच्या साली तो खरेदीदार फिरकलाच नाही. दुसऱ्या मुलखातला माल स्वस्त पडायलाय, असं अडत्या सांगत होता. भाव बसला. आत्याबाईंनी त्या साली एरंडी विकलीच नाही, घरीच कढवून तिचं तेल काढलं. सकाळी नातीला मांडीवर घेऊन त्या तिची टाळू भरत बसायच्या आणि मी भाकरी थापता थापता त्यांच्याशी काहीबाही बोलत असायची.